शिकारीला गेले, फजिती घेऊन आले

आमच्या घरात शिकारीची निशाणी म्हणून ना सांबराची शिंगे आहेत, ना वाघाचे कातडे. बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला एक चेपलेला पितळी लोटा, एवढीच काय ती निशाणी. नवा पाहुणा आला की त्याची नजर लोट्याकडे जाते, आणि अब्बा त्याचीच वाट पाहत असतात. चहा येईपर्यंत गोष्टीत अस्वल येते, चहा संपेपर्यंत ते पळून जाते, आणि पाहुणा हसता हसता ठसका लागून पाणी मागतो.

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. दादाजानांकडे पीक राखण्याच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक होती. नळीतून दारू भरायची, वरून चिंध्या, मग छर्रे, मग गजाने ठासायचे. एवढे होईपर्यंत जनावर आपले काम आटोपून दुसऱ्या गावाला पोहोचलेले असे. अब्बा आणि छोटे चाचा मरहूम या बंदुकीवर शिकार शिकले. त्यांनी मारलेल्या जनावरांच्या गोष्टी आम्हाला फार ऐकायला मिळाल्या नाहीत. जनावरांनी त्यांची केलेली फजिती मात्र आम्ही रमजानमध्ये तरावीहनंतर आणि थंडीत शेकोटीभोवती इतक्या वेळा ऐकली, की भावंडांपैकी कुणीही मधूनच गोष्ट पुढे चालवू शके.

त्यातल्या तीन गोष्टी वाचकांसाठी इथे देत आहे. चौथी गोष्ट मला गेल्या वर्षी कळली. ती शेवटी सांगेन.

घुंगरांचा आवाज

पहिली गोष्ट भुईमुगाच्या शेतातली. काढणीला आलेल्या शेंगा रोज रात्री कुणीतरी उकरून खात होते. अब्बा, चाचा आणि त्यांचे दोन मामेभाऊ बंदूक घेऊन राखणीला बसले. अमावास्येची रात्र. बाराच्या सुमारास बांधापलीकडून छुम... छुम... छुम असा आवाज येऊ लागला. पायात घुंगरू बांधून कुणीतरी सावकाश चालत यावे तसा.

मामेभावांपैकी थोरल्याने हळूच विचारले, "इस वक्त कौन औरत आयेगी खेत में?" हा प्रश्न विचारायला नको होता. उत्तर चौघांनाही एकाच वेळी सुचले. चुडैल! आयतुल कुर्सी म्हणता म्हणता चौघेही बंदुकीसकट पळाले ते गावच्या मशिदीच्या ओट्यावर येऊन थांबले. चाचांची एक चप्पल शेतात राहिली.

सकाळी वाट दाखवणारा पारधी शेतात गेला. मातीतल्या खुणा पाहून त्याने एक लांब काळापांढरा काटा उचलून अब्बांच्या हातात दिला. ती साळिंदर होती. साळिंदराच्या शेपटीवर काही काटे पोकळ असतात. धोका वाटला की ती शेपूट हलवते आणि ते काटे एकमेकांवर आपटून खुळखुळतात. म्हणजे त्या रात्री साळिंदर या चौघांना घाबरून इशारा देत होती, आणि चौघे तिला घाबरून मशीद गाठत होते.

साळिंदर काटे फेकून मारते, असे आमच्याकडे अजूनही पुष्कळ लोक मानतात. ते खरे नाही. ती काटे फुलवते, पाठ वळवते आणि उलटी चालून शत्रूच्या अंगावर येते. काटे सैल असल्यामुळे ते शत्रूच्या अंगात रुतून राहतात. शिकारी कुत्र्यांना हे एकदाच शिकवावे लागते.

मचाणाखालचा पाहुणा

दुसऱ्या गोष्टीत अब्बांबरोबर गावच्या शाळेचे हेडमास्तर आहेत. याच हेडमास्तरांनी अब्बांना चौथीपर्यंत शिकवले होते. त्यामुळे अब्बा मोठे झाल्यावरही त्यांच्यासमोर मान वर करून बोलत नसत. रोह्यांचा कळप हरभरा खाऊन जात होता, म्हणून दोघे एका मोठ्या कडुनिंबावर मचाण बांधून बसले. हेडमास्तरांची सक्त ताकीद होती, रात्रभर एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी ती पाळलीही. बोलले नाहीत, फक्त घोरले. त्या घोरण्याने रोहीच काय, आसपासची टिटवीसुद्धा फिरकली नाही. गुरुजींना उठवायचे कसे, या विचारात अब्बांची रात्र गेली.

पहाटे झुंजूमुंजू होताना अब्बांनी खाली पाहिले. मचाणाच्या बरोबर खाली, बुंध्याला टेकून एक बिबट्या आरामात पसरला होता. त्याला वर माणसे आहेत याची खबर नव्हती, किंवा असली तरी पर्वा नव्हती. अब्बांनी गुरुजींच्या पायाला हात लावून जागे केले. गुरुजींनी खाली पाहिले, चष्मा पुसला, परत पाहिले. बंदूक अब्बांच्या मांडीवर होती. पण ठासणीची बंदूक, छर्रे पाखरांचे, आणि नळी सरळ खाली धरली तर छर्रे घरंगळून बिबट्याच्या अंगावर पडायचे! तेवढ्यात दूर गावातून फजरची अजान ऐकू आली.

आता पंचाईत झाली. खाली उतरता येत नाही आणि वेळ निघून चालली. सुरईतले पाणी रात्रीच संपलेले. गुरुजींनी घोंगडीवरच्या धुळीने तयम्मुम केले, अब्बांनाही खूण केली, आणि दोघांनी मचाणावर बसल्या बसल्या इशाऱ्याने नमाज पढली. अब्बा सांगतात, "जिंदगी में इतनी तवज्जोह से नमाज कभी नहीं हुई." सलाम फेरताना उजवीकडे ठीक झाले. डावीकडे मान वळवली तर बिबट्या मान वर करून त्यांच्याकडेच पाहत होता. दोन क्षण नजरेला नजर मिळाली. मग त्याने एक लांब जांभई दिली, अंगाला आळोखेपिळोखे दिले आणि तो ओढ्याच्या दिशेने निघून गेला.

गुरुजींनी खाली उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला, "मी रात्री झोपलो तर नव्हतो ना?" अब्बा म्हणाले, "नाही सर."

मोठ्यांच्याही फजित्या

जंगलात माणसाची अशी गंमत होते ती फक्त आमच्यासारख्या लहान माणसांचीच, असे नाही. जिम कॉर्बेटचे नाव सगळ्यांनी ऐकले आहे. कुमाऊँच्या नरभक्षक वाघांवरचे त्याचे पुस्तक १९४४ साली आले आणि अनेक भाषांत पोहोचले. त्याच्या सुरुवातीलाच त्याने आपल्या लहानपणीची एक हकीकत दिली आहे. हातात जुनी ठासणीची बंदूक, तिची एक नळी फाटलेली, नळ्या आणि दस्ता पितळी तारेने आवळून बांधलेले. अशी बंदूक घेऊन हा मुलगा रानकोंबड्यांच्या मागे दबकत दबकत एका झुडपाआड पोहोचला. तेवढ्यात झुडूप हलले आणि पलीकडच्या बाजूने एक वाघ बाहेर आला. वाघाने वळून त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत रागापेक्षा आश्चर्य जास्त होते, पोरा, तू इथे काय करतोस, असे विचारणारे. मग तो शांतपणे निघून गेला. पुढे हाच मुलगा जगातला नामवंत शिकारी झाला, आणि उतारवयात बंदुकीपेक्षा कॅमेरा घेऊन वाघांमागे फिरू लागला.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ चा. आईवडील लवकर गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीच्या घरात त्यांना वाढवले. मामा स्वतः शिकारी होते. भाच्याला छर्र्यांची बंदूक मिळाली आणि तो चिमण्या मारू लागला. एक दिवस मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हती. मग मुलाला प्रश्न पडला, ही खायला चालेल की नाही? तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. मिलर्ड यांनी पक्षी ओळखला, वर पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली, वाचायला पुस्तके दिली. त्या दिवसापासून त्या मुलाची वाट बदलली. हलाल की हराम या एका साध्या घरगुती प्रश्नातून देशाला सालिम अली मिळाले. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती चिमणी ठेवली.

आपल्या दीनमध्ये शिकारीला मनाई नाही. मात्र तिला हद्दी आहेत. एहरामच्या अवस्थेत जमिनीवरची शिकार करता येत नाही. जिवंत प्राण्याला निशाणबाजीसाठी बांधून ठेवण्यास सक्त मनाई आहे. केवळ मौज म्हणून एखादी चिमणी मारली तरी कयामतच्या दिवशी तिची फिर्याद असेल, असे हदीसमध्ये आले आहे. लहानपणी हे ऐकले की आम्ही भावंडे अब्बांकडे पाहत असू, आणि अब्बा लोट्याकडे.

लोटा आणि अस्वल

तर आता तो लोटा.

चैत्राचे दिवस. जंगलात मोहाची फुले टपटप पडत होती. अब्बा, चाचा, हेडमास्तर आणि वाट दाखवणारा पारधी रात्रभर रानात होते. पहाटे चाचा लोटा घेऊन एकटेच करवंदीच्या जाळीमागे गेले. हा लोटा चाचींच्या जहेजमधला, नवाकोरा. चाची माहेरी गेल्या होत्या म्हणून चाचांनी तो उचलून आणला होता.

जाळीमागे बसतात तोच पलीकडून आवाज आला. सुर्र... फुर्र... सुर्र. चाचांना वाटले, हेडमास्तर लपून हुक्का ओढत आहेत. ते म्हणाले, "वाह मास्टरसाब, अकेले अकेले?" हुक्का थांबला. चाचांनी जाळी बाजूला केली, आणि समोर हेडमास्तरांपेक्षा बरेच केसाळ असे कुणीतरी दोन पायांवर उभे राहिले.

अस्वल वारुळाला तोंड लावून वाळवी ओढून घेत होते. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी फुंकते आणि ओढते, आणि तो आवाज बराच लांब जातो. चाचांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी हातातला लोटा पाण्यासकट भिरकावला. लोटा दगडावर आपटून ठणठणला. अस्वल एका बाजूला पळाले, चाचा दुसऱ्या बाजूला. समोर आलेल्या झाडावर ते सरसर चढले. ते झाड खैराचे होते, म्हणजे काटेरी. आणि अस्वलालाही झाडावर चढता येते, हे त्यांना शेंड्यावर पोहोचल्यावर आठवले.

लोटा सापडला तेव्हा चेपलेला होता. अस्वलाचा पाय पडला, असे चाचा सांगत. दगडावर आपटला, असे अब्बा सांगत. या वादात दोघा भावांचे आयुष्य गेले. चाचींनी तो लोटा पुन्हा घरात वापरला नाही, म्हणून तो आमच्या खिळ्यावर आला. त्यानंतर अब्बांनी बंदूक कधी हातात घेतली नाही. अस्वलाने अब्बांची शिकार सोडवली, असे आम्ही म्हणत असू. अब्बाही हसत असत.

जनावराला भांडण नको असते

या गोष्टी हसण्यावारी गेल्या, कारण बहुतेक वेळा जनावराला माणसाशी भांडण नको असते. त्याला वाट हवी असते. पण नेहमीच असे होत नाही. अस्वलाची नजर कमजोर असते, ऐकूही बेताचे येते. खाण्यात गुंतलेले असले की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकते आणि दचकूनच हल्ला करते. मोहफुले वेचण्याची वेळ पहाटेची, आणि अस्वलाची खाण्याची वेळही तीच. म्हणून आमच्या भागात मोहफुलांच्या दिवसांत आजही माणसे जखमी होतात. फुले वेचायला एकट्याने जाऊ नये. मोठ्याने बोलत, काठी आपटत जावे.

बिबट्या दिसला तर पाठ फिरवून पळू नये आणि खाली बसू नये किंवा वाकू नये. लहान मूल बरोबर असेल तर लगेच उचलून घ्यावे. नजर त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरावे, त्याला जायला वाट द्यावी. संध्याकाळनंतर मुलांना उघड्यावर एकटे पाठवू नये. शेतकऱ्यांचे नुकसान खरे आहे. पण त्यासाठी वनखात्याकडे पंचनाम्याचा आणि भरपाईचा मार्ग आहे. फास, विजेची तार किंवा गावठी बॉम्ब हा मार्ग नव्हे. त्या तारेला गावातलीच माणसे चिकटून मेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

मागच्या बाकावरचा प्रश्न

आता चौथी गोष्ट.

मी मराठी शाळेत शिकवतो. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात अनुभवलेखन शिकवताना मी लोट्याची गोष्ट सांगितली. वर्ग हसून लोळला. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरून तो शाळेत येतो. रोज येणारा तेवढा एकच. त्याने हात वर केला.

"सर, मंग तुमच्या चाच्याले पोलिसाईनं नाई नेलं काय?"

मी म्हणालो, "अरे, ते कायद्याच्या आधीचे दिवस होते."

तो म्हणाला, "माह्या आज्याले तं नेलं होतं. चितळासाठी."

तास संपला. मी उत्तर दिले नाही. अब्बा नेहमी सांगत, हे सगळे कायद्याच्या आधीचे. मीही तेच सांगत आलो होतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आमच्या शेजारचे मेळघाट होते. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची शिकारही बंद झाली. हे सगळे मी मुलांना शिकवतो.

घरी आल्यावर मी लोटा खिळ्यावरून काढला. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. इतकी वर्षे लोटा काळवंडलेला होता, बुडाशी काय आहे ते कुणी पाहिले नव्हते. चिंचेने घासल्यावर चाचींच्या वालिदांचे नाव दिसले, आणि त्याखाली शादीचे साल, १९७५.

जो लोटा १९७५ मध्ये घडला, तो १९७२ च्या आधी अस्वलाला कसा फेकून मारणार?

मी लोटा अब्बांसमोर ठेवला. अब्बा आता ऐंशीच्या जवळ आहेत. त्यांनी बुडाशी बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, कायदा आ चुका था. हमें मालूम था."

त्या फेरीत आदल्या रात्री अब्बांनी एक चितळ मारले होते. पाहुण्यांना सांगण्याच्या गोष्टीत ते चितळ कधी आले नाही. गोश्त घरात वाटले गेले. कातडे साफ करायला पारध्याकडे दिले. तिसऱ्या दिवशी चौकशीला माणसे आली. आमच्या ओट्यावर बसली, चहा घेतला. अब्बांना शिक्षकाच्या नोकरीला लागून आठ महिने झाले होते. चाचांची नवी शादी होती. कातडे पारध्याच्या झोपडीत निघाले. पारधीच तो, त्यानेच मारले असणार, हे सगळ्यांना पटले. कुणी अब्बांना विचारले नाही, आणि अब्बांनी सांगितले नाही.

तो सतरा दिवस आत होता. सुटून आल्यावरही गावात कुठे काही चोरीला गेले की आधी त्यालाच बोलावले जाई. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात पुढे पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण कागदावरून गेलेली गोष्ट लोकांच्या मनातून जायला वेळ लागतो. शिकार अब्बांच्या नावावर गंमत म्हणून राहिली, आणि त्याच्या नावावर गुन्हा म्हणून.

अब्बांनी बंदूक सोडली ती अस्वलामुळे नव्हे. हे त्यांनी पन्नास वर्षे कुणाला सांगितले नव्हते.

बेड्यावर

नमाज, रोजा, हज हे अल्लाहचे हक्क. त्यात चूक झाली तर तौबा करता येते, अल्लाह माफ करणारा आहे. पण हुकूकुल-इबाद म्हणजे माणसांचे हक्क. ज्याचा हक्क बुडवला त्याच्याकडेच जाऊन माफी मागावी लागते. हे अब्बांनीच आम्हाला लहानपणी शिकवले होते. मी त्यांना आठवण करून दिली नाही. पुढच्या जुम्याला नमाजनंतर ते स्वतःच म्हणाले, "गाडी काढ."

बेडा आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. ऐंशीच्या घरातले म्हातारेबाबा खाटेवर बसले होते. आमच्या सगळ्या गोष्टींत या माणसाला नाव नव्हते, नुसते 'पारधी' होते. इथेही मी त्यांचे नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटले. नाव लिहिले की कुणीतरी शोधत येते, असा त्यांचा अनुभव आहे.

अब्बा खाटेशेजारी जमिनीवर बसू लागले. म्हाताऱ्याबाबांनी हात धरून त्यांना वर बसवले. अब्बा बोलले. थांबत थांबत, पण सगळे बोलले. चितळ कुणी मारले, कुणी गप्प बसले, का बसले. नातू दारात उभा राहून ऐकत होता.

म्हातारेबाबा ऐकून घेत राहिले. मग त्यांनी विचारले, "मास्तर, तो लोटा अजून हाय काय?"

मी म्हणालो, आहे.

ते हसले. पुढचे दात नव्हते. "अस्वल पिल्लावालं होतं. दोन पिल्लं पाठीवर घेऊन फिरे. मले आदल्या दिवशीच मालूम होतं. तुमाले सांगतलं असतं तं तुमी बंदूक उचलली असती. म्हणून मी छोट्या भाऊले म्हणलं होतं, तिकडं जाऊ नका. त्यानं आयकलं नाई. मंग तो वरडला तवा तुमी सगये तिकडं पयले. मी इकडं पयलो, त्याच्याकडं. अस्वल वळून येतं का काय म्हणून मधात गेलो. तवा तो लोटा माह्या पायाखाली आला. अस्वलानं नाई चेपला, दगडानं बी नाई. म्या चेपला."

माझ्या मनात ती सकाळ पुन्हा उभी राहिली. बंदूकवाला एक होता, गुरुजी एक होते, दोघेही अस्वलापासून दूर पळाले. ज्याच्या हातात काठीशिवाय काही नव्हते, तो अस्वलाकडे धावला. तिसऱ्या दिवशी त्यालाच नेले.

"और वो सतरा दिन?" अब्बांनी विचारले.

म्हाताऱ्याबाबांनी विडी झटकली. "त्याचं आता काय सांगू मास्तर," एवढेच म्हणाले. नातवाला हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितले. आम्ही चहा घेतला. निघताना त्यांनी अब्बांच्या दोन्ही हातांना हात लावला. त्याला माफी म्हणायची की नाही, मला सांगता येत नाही. अब्बांनाही विचारण्याचे धाडस मला झाले नाही. त्यानंतर अब्बा दर जुम्याला बेड्यावर जातात. नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला तीन खेपा झाल्या आहेत. फार जुना पुरावा आणा म्हणतात. जमीन नाही, शाळेचा दाखला नाही, तर पुरावा आणायचा कुठून? शेवटी अब्बा म्हणाले, "ह्या माणसाला मी पन्नास वर्षांपासून ओळखतो, हे लिहून द्यायला मी तयार आहे." अर्ज अजून पुढे सरकलेला नाही. अब्बाही थांबलेले नाहीत.

लोटा अजून खिळ्यावर आहे. पाहुणे येतात, विचारतात. अब्बा गोष्ट सांगतात. हुक्का येतो, अस्वल येते, खैराचे झाड येते, पाहुणे हसतात. पण आता गोष्ट तिथे संपत नाही. चितळ येते, चहा घेणारी माणसे येतात, आणि लोटा कुणाच्या पायाने चेपला हेही येते. तेव्हा पाहुणा हसत नाही. चहा थंड होतो, तर चाची दुसरा करून देतात.

हे लिहू का, असे मी अब्बांना विचारले होते. ते म्हणाले, "लिख. और साल सही लिखना."